होळीपर्यंत टिकणारी ओल नाताळातच का आटते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोरेगाव पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, सोसायटीच्या मागे अर्ध्या एकराचा पाणथळ तुकडा आहे. लव्हाळा, पाणकणीस, पावसाळ्यात फूटभर पाणी आणि पूर्वी होळीपर्यंत पायाखाली ओल. गेली दोन वर्षं मात्र नाताळ उलटतो न उलटतो तोच तळ उघडा पडतो. शेजारच्या प्लॉटवर दोन मजली तळघराचं खोदकाम चालू आहे. कमिटीत तीन मतं आहेत: जेसीबी लावून खोल करा म्हणजे तळं होईल, युरोपात पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, दलदलीत घालतात तसे छोटे बांध घाला, नाहीतर भराव टाकून पार्किंग करा. आणि तुम्ही विचारता की या तुकड्यात पाणी मुळात येतं कुठून आणि जातं कुठे.

पार्किंगवाल्यांना मी उत्तर देत नाही. बाकीच्या दोघांशी बोलायचं आहे, पण आधी हिशेब मांडू. भूजलाच्या कामात मला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि अजूनही नवीन जागेवर गेलो की पहिला तास मी कागद-पेन्सिल घेऊनच बसतो. मीटर, पाइप, बोअर सगळं नंतर.

अर्धा एकर म्हणजे दोन हजार चौरस मीटर. उपनगरात वर्षाला साधारण २,३०० मिमी पाऊस धरा. म्हणजे थेट त्या तुकड्यावर पडणारं पाणी ४६ लाख लिटर. तुम्ही सांगता त्या उतारावरून आणि इमारतींच्या गच्च्यांवरून आणखी दोनेक हेक्टरचं पाणी तिकडेच उतरतं, म्हणजे त्याच्या दहापट. ऐकायला प्रचंड वाटतं. पण यातलं बहुतेक पाणी पावसाळ्यातच रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडच्या नाल्याला जातं. तुकडा भरला की भरला. वरून कितीही कोसळलं तरी तो त्याच्या कुवतीपेक्षा जास्त धरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्या वर्षी अशी कुठलीही पाणथळ जागा त्या एका दिवसामुळे जास्त दिवस ओली राहिली असेल, असं मला वाटत नाही. होळीच्या ओलीशी एकूण पावसाचा संबंध फार थोडा असतो.

मग संबंध कशाशी? पाऊस थांबतो तेव्हा शिल्लक काय आहे, याच्याशी. हस्ताचा पाऊस आटोपला, दहा ऑक्टोबरच्या सुमारास मोरीतून वाहणं थांबलं, असं समजा. तेव्हा वर फूटभर, म्हणजे ३० सेंमी उघडं पाणी: सहा लाख लिटर. खाली सव्वा मीटर चिखल. चिखल पाण्याने गच्च भरलेला असतो, पण ते सगळं पाणी तो देत नाही. चिकणमातीचे कण पाणी धरून ठेवतात आणि त्यातला जेमतेम दहावा भाग सुटतो. म्हणजे आणखी अडीच लाख लिटर. एकूण साडेआठ लाख.

आता खर्च. ऑक्टोबर हीटपासून पुढे उघड्या पाण्यातून आणि पाणकणसाच्या पानांतून मिळून दिवसाला साधारण पाच मिमी पाणी हवेत जातं. थंडीत थोडं कमी, मार्चमध्ये जास्त. दोन हजार चौरस मीटरवर पाच मिमी म्हणजे रोज दहा हजार लिटर. आपला नेहमीचा पाण्याचा टँकर असतो ना, तेवढं. रोज एक टँकर आभाळाला. साडेआठ लाखाला दहा हजाराने भागा: पंच्याऐंशी दिवस. दहा ऑक्टोबरपासून पंच्याऐंशी दिवस मोजले की नवीन वर्षाचा पहिला आठवडा येतो.

हे वाचून तुम्ही थोडे दचकला असाल, कारण तुमचा तुकडा आता बरोबर तेव्हाच आटतो. मीही दचकलो. याचा अर्थ असा की गेल्या दोन वर्षांत पाणी लवकर आटायला लागलं आहे, हे म्हणणंच उलटं आहे. साठवलेल्या पाण्याने जेवढं टिकायला हवं, तेवढंच ते आता टिकतंय. खरा प्रश्न वेगळा आहे: पूर्वी ते होळीपर्यंत कसं टिकत होतं?

होळी मार्चच्या मध्यात धरली तर एकशे पंचावन्न दिवस होतात. तेवढ्या दिवसांचा खर्च साडेपंधरा लाख लिटर, साठा साडेआठ लाख. मधले सात लाख लिटर पावसाळा संपल्यावर कुठून तरी येत होते. दिवसाला साडेचार हजार लिटर, मिनिटाला तीन लिटर. पंधरा लिटरची बादली भरायला पाच मिनिटं लागतील एवढी बारीक धार. अशी धार डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, कारण ती एका जागेतून येत नाही. लव्हाळ्याच्या मुळाशी, उताराच्या बाजूने, पन्नास-साठ मीटरभर ती उपळत राहते. कोकणात याला उपळ फुटणं म्हणतात, आणि मुंबई हेही कोकणच आहे, ते आपण विसरलो असलो तरी.

हिशेब ढोबळ आहे हे मान्य. बाष्पीभवन रोज सारखं नसतं, उघडं पाणी संपल्यावर ते घटतं. पण वीस टक्क्यांनी इकडेतिकडे झालं तरी निष्कर्ष हलत नाही.

आता ही धार कुठून येते ते बघू. डोंगराच्या उतारावर वर पातळ माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली कातळ. आपला कातळ ज्वालामुखीचा, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. धड असेल तिथे त्यातून पाणी हलत नाही, फक्त भेगांतून वाट काढतं. मुरूम म्हणजे हाच कातळ कुजून झालेला. त्यातून पाणी चालतं, पण गोगलगाईच्या गतीने. पावसाळ्यात डोंगरात मुरलेलं पाणी मुरमातून कातळाच्या डोक्यावरून सरकत खाली येतं आणि उतार मोडतो तिथे, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या मागे, जमिनीबाहेर डोकं काढतं. पाऊस थांबल्यावरही हे चालू राहतं, कारण वरून निघालेलं पाणी खाली पोचायला महिने लागतात. जूनचा पाऊस जानेवारीत उपळतो.

साडेचार हजार लिटर मुरमातून येणं शक्य आहे का, तेही तपासून घ्या. फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा पाणीपुरवठा उभा करणाऱ्या हेन्री डार्सी नावाच्या इंजिनिअरने १८५६ साली वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून एक नियम मांडला. अजून आमची रोजीरोटी त्याच्यावर चालते. पाणी किती जाणार, हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: माती किती सैल, पाण्याच्या पातळीला उतार किती, आणि वाट किती रुंद नि जाड. समजा मुरमाची वाहकता, म्हणजे त्या सैलपणाचं माप, दिवसाला एक मीटर, उतार वीसास एक, वाट साठ मीटर रुंद आणि दीड मीटर जाड. गुणाकार केला की दिवसाला साडेचार घनमीटर येतात. साडेचार हजार लिटर. यातला प्रत्येक आकडा मी अंदाजाने धरलाय, तेव्हा एवढं चपखल जुळणं हा योगायोग. पण अशा धारेला कुठला मोठा झरा किंवा भूमिगत नदी लागत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

या गुणाकारातला उतार हा शब्द नीट लक्षात ठेवा. हा जमिनीचा उतार नव्हे, जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीचा उतार. तुमच्या तुकड्यापासून चाळीस मीटरवर कोणी सात मीटर खोल खड्डा घेतला आणि तो कोरडा ठेवायला रात्रंदिवस पंप लावला, की पाण्याच्या पातळीचा उतार त्या खड्ड्याकडे फिरतो. जमीन आहे तशीच दिसते, लव्हाळाही तसाच. खालून मात्र पाण्याने तोंड फिरवलेलं असतं. खोदकामावरचा एक साधा पंप तासाला पंधरा-वीस हजार लिटर सहज फेकतो. तुमच्या तुकड्याची होळीपर्यंतची सगळी पुंजी दिवसाला साडेचार हजारांची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तरीही बिल्डरला नोटीस पाठवायची घाई करू नका. खोदकाम हा माझा पहिला संशय आहे, निकाल नाही. अशाच दिसणाऱ्या दोन जागांनी मला तोंडावर आपटलंय, म्हणून सांगतो.

पहिली जागा पूर्व उपनगरातली. अशीच टेकडीच्या पायथ्याची, वर्षभर हिरवी. लोक तिला झऱ्याचं पाणी म्हणत, एका कोपऱ्यात कोणी हळदकुंकूही वाहिलेलं. आम्ही पाइप पुरून त्यात दर पंधरा मिनिटांनी पातळी नोंदवणारं यंत्र सोडलं. आठवड्याने आलेख काढला तर पातळी रोज पहाटे साडेचारला चढायला लागायची आणि सातनंतर उतरायची. रविवारीही, सुट्टीच्या दिवशीही. डोंगरातला झरा घड्याळ बघून वाहत नाही. माझ्याबरोबरच्या मुलीने विचारलं, "सर, इथे पाण्याची वेळ काय?" ती होती पहाटे साडेचार ते सात. वरच्या रस्त्याखालची नळाची मोठी लाइन फुटलेली होती आणि पाणी सुटलं की ती पाझरायची. तानसा-भातसाहून शंभर किलोमीटर आलेल्या पाण्यावर ती पाणथळ जगत होती. लाइन दुरुस्त झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत तिथे क्रिकेट सुरू झालं. तुमच्याकडेही गेल्या दोन वर्षांत कुठली लाइन बदलली का, हे वॉर्डात विचारा. झरा मेला म्हणून रडायचं आणि मेलेली असायची गळती, असं होऊ शकतं.

दुसरी जागा मी स्वतः बिघडवली. तेव्हा नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती आणि आत्मविश्वास भरपूर होता. एका संस्थेच्या आवारातलं उथळ तळं जानेवारीत आटायचं. मी सल्ला दिला, मीटरभर खोल करा. पोकलेन आला, वरचा काळा गाळ निघाला, त्याखालची करडी चिकट माती निघाली आणि मग तांबडा-पिवळा मुरूम दिसला. दिसायला छान, स्वच्छ. पुढच्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, फोटो निघाले. आणि नोव्हेंबरातच ते कोरडं पडलं. ती करडी चिकट माती म्हणजे तळ्याचं बूड होतं. शेकडो पावसाळ्यांत बारीक गाळ बसून बसून ते लिंपलं गेलं होतं आणि मी ते एका दुपारीत खरवडून काढलं. कळशीला तळाशी भोक पाडून ती मोठी केली म्हणण्यातला प्रकार. कमिटीतल्या पहिल्या मताला माझं उत्तर हे. खालून पाणी वर येतंय की वरचं खाली झिरपतंय, हे कळल्याशिवाय त्या जागेत फावडंही लावू नका.

ते कळायला महागडं काही लागत नाही. प्लंबरकडचा दीड इंची पीव्हीसी पाइप घ्या, दोन तुकडे. एक जमिनीत पाऊण मीटर जाईल असा, दुसरा अडीच मीटर. दोन्हींच्या फक्त खालच्या वीस सेंमीला ड्रिलने तीन मिमीची भोकं पाडा, त्यावर मच्छरदाणीची नायलॉनची जाळी दोन वेढे गुंडाळा, खालचं तोंड बंद करा. हँड ऑगरने, म्हणजे हाताने फिरवायच्या मोठ्या गिरमिटाने, भोक घेऊन दोन्ही पाइप शेजारी शेजारी, हातभर अंतरावर उतरवा. भोकांच्या भागाभोवती वाळू, आणि त्यावर जमिनीपर्यंत शाडू किंवा बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) ठासून भरा. हे ठासणं सोडलंत तर वरचं पाणी पाइपच्या बाहेरून घसरत खाली जाईल आणि दोन्ही पाइप तुम्हाला एकच खोटं सांगतील. दहातले सात पाइप मी याच कारणाने फुकट गेलेले पाहिलेत.

दोन्ही पाइपांची वरची तोंडं एका पातळीला आणायची. त्याला गवंड्याचा लेव्हल पाइप पुरतो, पाणी भरलेली ती पारदर्शक नळी. मग पातळी मोजायची. बारीक नळीला सेंटिमीटरच्या खुणा करा, तिच्यात हळूहळू फुंकत ती खाली सोडा, बुडबुड ऐकू आलं की थांबा आणि खूण वाचा. शेजारी हसतील, पण मोजमाप अर्ध्या सेंमीपर्यंत बरोबर येतं.

आता या दोन आकड्यांत काय वाचायचं? खोल पाइपातलं पाणी उथळ पाइपातल्यापेक्षा वर उभं असेल, तर खालून वर दाब आहे आणि तुमचा तुकडा जमिनीखालच्या पाण्यावर जगतो. खोल पाइपातलं खाली असेल, तर वरचं पाणी खाली गळतंय. दोन्ही सारखे असतील तर उभी हालचाल जवळपास नाही, आडवी बघायला हवी. मी ज्या चांगल्या उपळ असलेल्या जागा मोजल्यात तिथे ऑक्टोबरात खोल पाइपातलं पाणी दहा-पंधरा सेंमी वर उभं असतं, कधी कधी चक्क जमिनीच्या वर. पहिल्यांदा ते बघताना प्रत्येकजण पाइप हलवून बघतो. तुमच्याकडे ऑक्टोबरात खोल पाइप वर असेल आणि शेजारचा पंप जोरात चालू झाल्यावर काही दिवसांत तो उथळ पाइपाच्या खाली गेला, तर तुमच्या हातात भांडण नाही, पुरावा आहे. अशी आणखी एक जोडी खड्ड्याच्या बाजूला आणि एक डोंगराच्या बाजूला लावा. तीन जोड्यांत पाण्याचा उतार कुठे जातोय ते वहीत उमटतं.

वाचन आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी. एक दिवस मात्र चोवीस तास बसा, दर दोन तासांनी मोजा. नोव्हेंबरातला कोरडा, स्वच्छ उन्हाचा दिवस निवडा. सूर्य वर आला की उथळ पाइपातली पातळी उतरायला लागते, कारण पाणकणीस पीत असतं. संध्याकाळी पानं थांबतात. मग रात्रभर पातळी काय करते ते बघायचं. चढली, तर खालून किंवा बाजूने भर पडतेय, आणि चढण्याचा वेग म्हणजे तुमच्या उपळीचा वेग. सपाट राहिली तर भर नाही. रात्रीही उतरत राहिली तर कुठेतरी गळती आहे. ही युक्ती अमेरिकेत १९३२ पासून ओळखीची आहे आणि माझ्या मते या सगळ्या शास्त्रातली सर्वात सुंदर गोष्ट. पातळीच्या एवढ्याशा चढ-उतारात झाडांचा श्वास दिसतो. एका कोजागिरीला आम्ही तिघे अशी नोंद घेत मसाला दूध पीत बसलो होतो, तो आलेख अजून माझ्याकडे आहे.

पाण्याची ओळख पटवायला विद्युतवाहकतेचं पेनासारखं मीटर मिळतं, तेही घ्या. पाण्यात क्षार जितके जास्त विरघळलेले, तितका त्याचा आकडा मोठा. पावसाचं पाणी बहुधा पन्नास मायक्रोसीमेन्सच्या आत, नळाचं शंभराच्या आसपास किंवा थोडं वर, आपल्या कातळातून महिनोन्‌महिने फिरून आलेलं काहीशे, आणि सांडपाणी मिसळलेलं हजाराच्या घरात. डिसेंबरात उताराकडच्या पाइपातलं पाणी चारशे-पाचशे दाखवत असेल तर ते डोंगराचं. क्लोरीनची पिवळ्या रंगाची चाचणी लोक आवर्जून करतात, पण मातीतून दहा मीटर गेलं की क्लोरीन उरत नाही, त्यामुळे रंग न येणं हा काही पुरावा नव्हे.

पाणी बाहेर कुठून जातं, ते मोरीच्या तोंडाशी मोजायचं. पत्र्यात नव्वद अंशाची व्ही आकाराची खाच कापून तो पत्रा मोरीच्या अलीकडे उभा बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी पाच सेंमी उंच वाहत असेल तर मिनिटाला ४६ लिटर जातात. दहा सेंमी असेल तर दुप्पट नव्हे, मिनिटाला २६० लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाचपट. म्हणून मोरीचं तोंड कोणी जरासं खाली उतरवलं, नाला सफाईत तळाचा दगड काढला, तर पावसाळ्यात कोणाच्या लक्षात येत नाही, पण पाऊस थांबतो तेव्हाची फूटभर पुंजी वीतभर होते. तुमच्या तुकड्यात दहा सेंमी म्हणजे दोन लाख लिटर, म्हणजे वीस दिवस. आधी जाऊन ते तोंड बघा. गेल्या दोन वर्षांत तिथे काही झालं असेल तर खोदकामाआधी त्याचा नंबर.

आणखी एक वाट आहे जी कोणालाच दिसत नाही. केबलसाठी, गॅससाठी, सांडपाण्यासाठी चर खणतात. पाइप ठेवून वर खडी आणि सैल माती लोटतात. तो चर तुमच्या तुकड्याच्या कडेने गेला असेल तर खालून एक आयती पन्हळ झाली. चिखलातून दिवसाला काही मिलिमीटर सरकणारं पाणी खडीतून भराभर पळतं. यावर उपाय स्वस्त आहे. चर जिथे तुकड्याची हद्द ओलांडतो तिथे दोन फूट लांबीतली खडी काढून चिकणमाती ठासून बूच मारायचं. मोठ्या सल्लागारांना हे सुचत नाही, कारण यात बिल होत नाही.

समुद्राकाठचा प्रश्न तुम्हाला नाही, पण हे वाचणाऱ्यातले कोणी चारकोप, वडाळा किंवा भांडुपच्या खाडीकडचे असतील तर एक ओळ त्यांच्यासाठी. तुमच्या पाइपातली पातळी साडेबारा तासांनी वर-खाली होत असेल आणि ती वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकत असेल, तर कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित तुमच्या चिखलाखाली चालू आहे. तिथे वरची सगळी बेरीज-वजाबाकी बदलते.

आता दुसरं मत, युरोपातले बांध. पीट म्हणजे पाण्यात बुडून राहिल्यामुळे अर्धवटच कुजलेल्या वनस्पतींचा थर. नर्सरीत मिळतं ते कोकोपीट वेगळं, तो नारळाच्या काथ्याचा भुसा. खरं पीट वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं आणि त्याच्या आकारमानातला नऊ दशांशाच्या आसपास भाग नुसतं पाणी असतं. थंड देशांतच ते होतं असं नाही. इंडोनेशियात आहे, आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यात तर प्रचंड आहे. मुंबईत ते साठत नाही याचं कारण उष्णता नव्हे, आपले कोरडे आठ महिने. थर दरवर्षी उघडा पडतो, हवा लागते, पालापाचोळा कुजून संपतो. उरतो काळा गाळ.

पीटची गंमत अशी की त्याला दोन मजले असतात. वरचा, जिवंत शेवाळाचा, सैल. त्यातून पाणी झपाट्याने जातं. खालचा दबलेला, घट्ट. त्यातून जवळजवळ हलत नाही. त्यामुळे पावसात पातळी वर आली की जादा पाणी वरच्या मजल्यातून आपसूक निघून जातं, आणि उन्हाळ्यात पातळी घट्ट मजल्यात शिरली की गळती आपोआप थांबते. कोणी झडप न लावता झडप. युरोपात जे छोटे बांध घालतात ते पाणी अडवून तळं करायला नव्हे, माणसांनी पूर्वी खणलेले चर बुजवून ही झडप पुन्हा चालू करायला. चर खणल्याने काय होतं ते इंग्लंडमधल्या होम फेन इथे दिसतं. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, दलदल उपसायच्या वेळी, एक लोखंडी खांब डोक्यापर्यंत जमिनीत गाडला होता. आज तो सुमारे चार मीटर उघडा उभा आहे. खांब वर आलेला नाही, भोवतालची जमीन खाली बसली.

आपल्या काळ्या गाळाला ती झडप नाही. उलट तो सुकला की त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली जातो, वर टिपूस उभं राहत नाही, आणि लोक म्हणतात जमीन तहानलेली आहे. आठ-दहा दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात, तेव्हा कुठे पाणी साचायला लागतं. आता नाताळातच आटल्यामुळे तुमच्या भेगा अडीच महिने जास्त उघड्या राहतात, जास्त खोल जातात, आणि त्या बुडाच्या चिकट थरापर्यंत पोचल्या तर दरवर्षी गळती वाढत जाईल. मला काळजी आहे ती याची. नुसत्या कोरड्या तीन महिन्यांची नाही.

म्हणून बांध घालायचाच असेल तर एकच, मोरीच्या तोंडाशी. तोही जुन्या पातळीपेक्षा वर नको, नाहीतर जुलैत तळमजल्यावरचे लोक तुमच्या नावाने बोटं मोडतील. लाकडी फळ्या सरकवता येतील अशी खाच ठेवा: जून ते ऑगस्ट फळ्या काढलेल्या, गणपती गेले की एकेक चढवायची. दहा सेंमीची एक फळी म्हणजे वीस दिवस, हे मघाशी पाहिलंच. पाणकणीस अर्धं कापलं तर खर्च थोडा कमी होईल, पण त्यात पाणकोंबड्या असतात, आणि सावली गेली की उघड्या पाण्यातून बाष्पीभवन वाढतं. मी त्याला हात लावत नाही.

सरकारी नोंदीच्या भरवशावर राहू नका. देशातल्या पाणथळ जागांच्या उपग्रह-नकाशात सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान जागा नुसत्या ठिपक्याने दाखवल्यात. तुमचा तुकडा एक हेक्टरही नाही. तो सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर कसा नोंदलाय ते काढून ठेवा, आणि दोन वर्षांची पाइपांची वही त्याला जोडा. तारखा, वेळा, शेजारचा पंप चालू की बंद, पाऊस किती. शाळेतल्या पोरांना लावलंत तर वाचन चुकत नाही. मोठी माणसं दिवाळीत विसरतात.

शेजारच्या खोदकामवाल्यांशी बोलताना पंप बंद करा म्हणू नका, तो बंद होणार नाही. खड्ड्यातून उपसलेलं पाणी आत्ता ते गटारात सोडतात. ते गाळ बसायच्या टाकीतून घेऊन तुमच्या तुकड्याच्या डोंगराकडच्या बाजूला, मुरमापर्यंत खणलेल्या चरात सोडायला सांगा, रोज पाच हजार लिटर. विद्युतवाहकता मोजूनच घ्या. सिमेंटचं किंवा डिझेलचं पाणी नको. तळघराची भिंत झाली, पंप थांबला की पाण्याची पातळी परत चढायला एक-दोन पावसाळे लागतील, तोवर भेगा बुडापर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत. मात्र भिंत झाल्यावरही तिच्याबाहेर कायमचा निचरा पाइप बसवणार आहेत का, हे नकाशात आत्ताच बघून घ्या. बऱ्याचदा बसवतात. तो बसला तर पंप थांबला तरी पाणी त्या पातळीच्या वर कधीच येणार नाही, आणि तुमच्या खोल पाइपात ते पहिल्याच ऑक्टोबरात दिसेल.